हरवलेला स्थिरांक
मोहाची फुलं वाळतानाचा आंबूस वास आला की गोंडपिपरीतलं आमच्या फिजिक्सच्या सरांचं अंगण आठवतं. अकरावीची परीक्षा तोंडावर होती. भावाच्या जुन्या पुस्तकात दोन चार्जमधल्या बलाच्या सूत्रात स्थिरांकच नव्हता, नव्या पुस्तकात होता. मी जुन्यावरून गणित केलं आणि उत्तर भलतंच आलं, म्हणून दोन्ही पुस्तकं घेऊन सरांकडे गेले. "दोन्ही बरोबर हायेत, एककं वेगळी," सर म्हणाले. "मंग स्थिरांक गेला कुठी, सर?" ते वाळती फुलं हातानं उलटी करू लागले. "मलेबी कोणी सांगतलं नाई, पोरी. पाठ कर." पुढे नागपुरात शिकताना कळलं, जुन्या पद्धतीत चार्जचं एककच असं ठरवलं होतं की स्थिरांक एक व्हावा, म्हणून तो लिहायची गरजच नव्हती. सांगायला धावत गेले, तर सर वारून वर्ष झालं होतं. अंगणात मोह तसाच वाळत होता.