अप्पांसाठी हलूमी

अप्पा गावाहून इकडे परदेशात, नावनला माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे शर्ट त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखे दिसत होते. आईला जाऊन सात महिने झाले होते. माझे वडील म्हणजे पक्के कोल्हापूरकर, रविवारी मटण नसेल तर घर डोक्यावर घेणारे. पण आईचं दुखणं निघालं त्या दिवशी त्यांनी मटण, मासे, अगदी अंडंसुद्धा सोडलं. ती बरी व्हावी म्हणून. ती गेली, नेम काही त्यांनी सोडला नाही. "तिच्यासाठी धरलाय, माझ्यासाठी न्हवं," एवढंच म्हणायचे. मी केलेल्या वरणभाताचे दोन घास खायचे आणि ताट सारायचे. मला रडू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

शेजारच्या घरात एक निवृत्त सुतार एकटेच राहतात. त्यांचीही बायको गेलेली. दर शनिवारी ते मागच्या शेडखाली कोळसे पेटवून काहीबाही भाजतात. बाहेर पाऊस असला तरी त्यांच्या मते हवा 'ग्रँड'च, म्हणजे झकासच असते. त्यांनी अप्पांना बोलावलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, ते मांस खात नाहीत. मला वाटलं, विषय संपला. पण शनिवारी पाहते तो त्यांनी अप्पांसाठी वेगळी कोरी करकरीत जाळी आणलेली, आणि तिच्यावर हलूमीचे जाडजाड काप. हे सायप्रसचं चीज, आचेवर ठेवलं तरी वितळत नाही. शेतकऱ्यांच्या बाजारातून खास आणलंय, अगदी पारंपरिक पद्धतीचं, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

"पनीरच की हे," अप्पा संशयाने म्हणाले. मग एक काप तोंडात टाकला. खारट, धुरकट, मध्येच पुदिना. "दाताखाली करकरतंय बघ," असं म्हणत त्यांनी चार काप संपवले आणि पाचव्यासाठी ताटली पुढे केली. आल्यापासून मी त्यांना काही मागून घेताना पाहिलं नव्हतं. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

दुसऱ्या शनिवारी मी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात आवराआवर करत होते. हलूमीचं रिकामं पाकीट हातात आलं आणि सवयीने मागची बारीक अक्षरं वाचली. दूध, मीठ, पुदिना, कोकराचं रेनेट. रेनेट म्हणजे दूध घट्ट करायला घालतात तो अर्क, आणि हा कोकराच्या जठरातून काढलेला. मी पाकीट चुरगाळून कचऱ्याच्या तळाशी दाबलं आणि बाहेर येऊन विचारलं, "अप्पा, अजून एक वाढू?"

ते खात होते, म्हणून मी गप्प बसले. पुढचे दोन शनिवारही गप्पच बसले. मग एका सकाळी अप्पांना फोनवर काकांना सांगताना ऐकलं, "नेम मोडला न्हाई बघ, आणि तोंडाला चवबी आली." तशीच शेजाऱ्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते बिचारे ओशाळले, माझी दोनदा माफी मागितली आणि म्हणाले, "सुपरमार्केटात शाकाहारी शिक्क्याचं मिळतं की. या शनिवारी तेच आणू." झालं. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी दोन आठवडे घालवले होते.

आता अप्पांना सांगणं उरलं. दुपारी चहा करून त्यांच्यासमोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुला कधी कळलं?"

"पंधरा दिवस झाले."

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, चूक खपवून न घेणारा. मी आवाज चढायची वाट पाहत होते.

"माझ्या पोटात चार घास जावेत म्हणून गप्प राहिलीस?"

मी मान हलवली.

"तुझ्या आईला मी शेवटचे दोन महिने सांगत होतो, रिपोर्ट चांगले आलेत म्हणून. मग ती वाटीभर खीर खायची. मला वाटायचं, केवढं भलं करतोय मी तिचं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिला खरं सांगायला पायजे होतं गं. कुणाला भेटायचं असेल, काय बोलायचं असेल. मी तिला ते बोलूच दिलं न्हाई."

हे मला ठाऊक नव्हतं. आईला सगळं माहीत होतं आणि ती शांतपणे गेली, असंच मी आजवर धरून चालले होते. मी त्यांचा हात धरला.

त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही त्यांना आग्रह केला नाही.