बारशाचा लॅपटॉप

माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा फिरायला लागला की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "दारात थ्रेशर उभं केलं काय हो?" त्याची बॅटरी केव्हाच गेली होती, त्यामुळे दावणीला बांधलेल्या जनावरासारखा तो भिंतीतल्या प्लगला बांधलेला असे. वायरीला पाय लागला की सगळा कारभार बंद. पडद्याचं एक बिजागर तुटलेलं, म्हणून मागे टेकू द्यायला पाण्याचा तांब्या. 'न' हे अक्षर एकदा दाबलं की वर यायचं नाव नाही, कागदभर नन्नाचा पाढा. मी लग्नात आणि सत्कारांत माईकवर बोलणारा माणूस. निवेदन टाइप करण्यापुरता तो मला पुरत होता आणि त्याच्या सगळ्या खोडींसकट माझा त्याच्यावर जीव होता.

त्या लॅपटॉपवर माझी थोरली बहीण चाल करून आली. अक्का उंद्रीला, आमच्या गावच्या घरी राहते. आमच्या धाकट्या भावाला परदेशात मुलगी झाली होती आणि बारसं तोंडावर आलं होतं. जन्माच्या दाखल्यावर आईबापांनी काय लिहायचं ते लिहावं, पण पाळण्यातलं नाव आमच्या घरी आत्या ठरवते. ती ते कुणालाही सांगत नाही, अगदी आईबापांनाही नाही. आधी ते बाळाच्या कानात जायचं, मग जगाच्या. माझ्या दोन्ही पोरांच्या कानात अक्कानेच 'कुर्र' केलं होतं. पण धाकटा म्हणजे तिच्या कडेवर वाढलेला भाऊ, आणि हे घरातलं शेवटचं बाळ. त्यात अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. विमानात बसायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती.

"मी इथूनच सांगीन नाव," अक्का म्हणाली. "पन या डब्यातून नाई."

"अक्का, मोबाइल आहे की! त्याच्यावरूनच..."

"मोबाइलात लेकरू चिमनीएवढं दिसते बापा. मले लेकरू लेकराएवढं दिसलं पाह्यजे."

झालं. आम्ही तालुक्याला, चिखलीच्या दुकानात गेलो. काठी टेकत, पदर सावरत अक्का आत शिरली ती परीक्षकाच्या थाटात. दुकानदार तरुण आणि उत्साही. तो रॅम, एसएसडी, प्रोसेसरची पिढी, असं धडाधड बोलत सुटला. मी जाणकार असल्यासारखी मान हलवत होतो. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि एका लॅपटॉपच्या झाकणावर बोटाच्या पेराने टकटक केलं. माठ घेताना करतात तसं.

"मावशी, काय पाहता?"

"कच्चा हाये काय ते पाह्यतो."

मग तिने त्याला बॅटरीचं विचारलं: लाईन गेल्यावर किती वेळ टिकते? आणि मांडीवर घेतल्यावर चटका देते काय? दुकानदार म्हणाला, "मावशी, मांडीवर घेऊच नका. खालून हवा जायची जागा असते, ती बुजली की तापते. टेबलावर ठेवा."

"नावालेच मांडीवरचा हाये मंग," अक्का म्हणाली, पण तिला ते पटलं असावं. हलका, पातळ, चांदीसारखा चमकणारा लॅपटॉप माझ्या मनात भरला होता. तो तिने वितीने मोजला आणि बाजूला सारला. "एवढ्याशा पाळन्यात पोरगी मावत नाई." शेवटी तिने दुकानातला सर्वांत मोठ्या पडद्याचा, जाडजूड, काळा लॅपटॉप उचलला, दोन्ही हातांवर आडवा धरला, किंचित झुलवून पाहिला आणि म्हणाली, "वजनबी बराबर हाये." जगात कुणी वजन जास्त आहे म्हणून लॅपटॉप पसंत केला असेल तर तो आमच्या अक्काने.

सोबत डोक्यावर चढवायचा माईकवाला हेडफोनही घेतला. दुकानदाराने त्याची फार तारीफ केली. म्हणे, आजूबाजूचा कितीही कालवा असो, समोरच्याला फक्त तुमचाच आवाज जाईल. रस्त्यावर डीजे वाजत असताना त्याने तो लावून आमच्याशी मोबाइलवर बोलून दाखवलं, आणि खरंच डीजे गायब! अक्का खूश. उंद्रीतल्या आमच्या घरात कालव्याला तोटा नाही.

बारशाच्या दिवशी मी सकाळीच उंद्रीला पोचलो. पाहतो तर लॅपटॉप पाटावर, पाटाभोवती रांगोळी, झाकणाला झेंडूचा हार, आणि समोर नऊवारीत अक्का, डोक्यावर हेडफोन, कपाळावर आडवं कुंकू. विमान उडवायला निघाल्यासारखी. मागे गल्लीतल्या सगळ्या बाया सतरंजीवर. खालच्या हवेची जागा बुजू नये म्हणून अक्काने पाटावर चार सुपाऱ्या ठेवून त्यांवर लॅपटॉप बसवला होता. हे तिचं स्वतःचं संशोधन.

व्हिडिओ लागला; तिकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मी लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवला. पडद्यावर पाळणा, पाळण्यात पोरगी, खरोखर लेकराएवढी. बाया "अव माय!" म्हणून पुढे सरकल्या. भाऊ, वहिनी आणि बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या वहिनीच्या आई कडेला उभ्या होत्या. अक्काने निरांजन ओवाळलं. मग कुंकवात बोट बुडवलं आणि लॅपटॉपच्या कपाळाला, पडद्याच्या वर अगदी मधोमध, ठसठशीत टिळा लावला.

"अक्का!" तिकडून भाऊ ओरडला. "सगळं लाल झालं! तू दिसत नाहीस!"

कपाळ म्हणून तिने जी जागा हेरली होती तिथेच कॅमेऱ्याचा डोळा. मी ओल्या रुमालाने पुसायला गेलो तर कुंकू आणखी पसरलं. शेवटी अक्काने स्वतःच्या लुगड्याच्या पदराने तो डोळा पुसला, एखाद्या लेकराचं काजळ पुसावं तसा.

आता मुख्य प्रसंग. तिकडे भावाने एक छोटा इअरफोन बाळाच्या कानाजवळ धरला. अक्काने माईक ओठांशी ओढला, हाताचा आडोसा केला आणि सगळ्या खोलीने श्वास रोखला. "कुर्रर्र..." आणि पुढे नाव. बाळ ढिम्म.

भावाने इअरफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. "अक्का, काहीच ऐकू येत नाही. पुन्हा सांग."

पुन्हा 'कुर्र'. पुन्हा शांतता. मी आवाज वाढवला, वायर काढून घातली, लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. कुजबूज केली की तिकडे काहीच पोचत नव्हतं, आणि "आयकू येते काय?" असं विचारलं की लख्ख ऐकू जात होतं! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या शहाण्या हेडफोनला कालवा गाळायची शिकवण होती, आणि अक्काची कुजबूज त्याला कालवाच वाटत होती. ते गाळणं बंद करायचं बटण मी शोधत बसलो; ते काही सापडेना. तिकडे पोरगी चुळबुळायला लागली.

"मोठ्याने सांग ना अक्का," भाऊ म्हणाला.

"मोठ्यानं? अन् या समद्या बायांनी आधी आयकाचं?"

तेव्हा वहिनीच्या आई पुढे आल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही मला फक्त मेसेज पाठवा ना. मी सांगते की बाळाच्या कानात. त्यात काय एवढं?"

अक्का नुसती पडद्यातल्या पोरीकडे पाहत राहिली. तिचा हात माईकवरून घसरला. आमच्या अक्काला मी अनेकदा रागावलेली पाहिली आहे, पण अशी हार मानून बसलेली पाहिली नव्हती. मला बटणांचा भयंकर राग आला.

मागून शेजारची म्हातारी मावशी करवादली, "काऊन बसली व अशी? मोठ्यानं सांग! आमी नाई आयकत."

"कान काय घरी ठेवून आली?" अक्काने विचारलं.

"आमी बोंबलतो ना! तू बोंबलली तरी मंग कोनाले आयकू येते?"

अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. हेडफोन कालवा गाळतो. मग कालवाच करू!

"बायांनो," मी माईकवाल्या माणसाच्या आवाजात गरजलो, "पाळणा म्हणा! जोरात!"

पुढे जे झालं त्याला गाणं म्हणणं धाडसाचं होईल. निम्म्या बाया एक पाळणा म्हणत होत्या, निम्म्या दुसरा. कुणी ताटं बडवत होतं. मावशीने आत जाऊन रिकामा मिक्सर सुरू केला. मी टाळ्या पिटत होतो. त्या गदारोळात अक्का माईकमध्ये तोंड घालून चक्क ओरडली. माझ्या बहिणीचे ओठ मला दिसत होते, पण नाव? एक अक्षर ऐकू आलं असेल तर शपथ!

पडद्यावर मात्र पोरीने डोळे मोठे केले, मान त्या कानाकडे वळवली आणि ओठांचा चंबू केला.

"गेलं!" भाऊ ओरडला. "अक्का, तिनं ऐकलं!"

बाया दमून थांबल्या, मिक्सर बंद झाला, आणि मग अक्काने सगळ्यांना नाव सांगितलं. वहिनीच्या आईंनी तिकडून हात जोडले. अक्काने हेडफोन काढला, डोळे टिपले, आणि एकदम दचकून म्हणाली, "अन् बुक्क्या?"

नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्क्या बसायलाच हव्यात, आणि आरडाओरडीत आम्ही सगळेच विसरलो होतो. अक्काने पाटाच्या दोन्ही कडा धरल्या, पदर पाठीवरून बाजूला केला आणि लॅपटॉपकडे तोंड करून वाकली, म्हणजे पोरीला दिसावं. "या," ती म्हणाली. "भावाचा मान पयला."

मी मूठ वळली. लहानपणी या बाईने मला दिलेले सगळे धपाटे मला रांगेने आठवले. अशी संधी आता पुन्हा येणार नव्हती. मूठ उचलली, पण त्या वाकलेल्या पाठीपर्यंत पोचेतो तिच्यातला जोर कुठे गेला कोण जाणे.

अक्का तशीच वाकलेली, पडद्यातल्या पोरीला सांगू लागली, "पाह्य व माय, हा तुहा मोठा बाप, तुह्या बापाचा थोरला भाऊ. सकाळपासून जेवला नाई वाटते." आणि मग मान न वळवता माझ्यावर खेकसली, "जोरानं मार ना बापा, पोरगी पाहून राह्यली!"