मास्तरांच्या घरात दुकानचे बूट

बूटमास्तरांच्या नाकावर माशी बसत नाही आणि त्यांच्या हातचा बूट चावत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. पहिली गोष्ट काकूंना अगदी मान्य होती. बत्तीस वर्षं त्या या माणसाचा संसार सांभाळत होत्या आणि दुकानाच्या पुढच्या टेबलाशी बसून गिऱ्हाइकंही सांभाळत होत्या. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र गेली तीन वर्षं त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

मास्तर मापाचे बूट करत. पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, त्या आकाराचा लाकडी साचा तासायचा आणि त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. जुनं गिऱ्हाईक वर्षभराने आलं तरी पुन्हा मोजल्याशिवाय मास्तर सुईला हात लावत नसत. "पाय काय दगडाचा आहे तुमचा?" असं वर खेकसायचे. या नियमाला अपवाद एकच. काकूंचा साचा लग्नाच्या वर्षी तासला होता आणि दरवर्षी त्याच साच्यावर त्यांचे नवे बूट तयार व्हायचे. "हिला काय मोजायचं? हिचा पाय मला पाठ आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

आता पाठ केलेलं जागच्या जागी राहतं, पाय कुठे राहतो? काकूंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं. पावलं पसरली. नवा जोड पायात सरकवला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मास्तर समोर उभे राहून विचारायचे, "कसा झालाय?" काकू म्हणायच्या, "झकास." मग दिवसभर टेबलाखाली बूट काढून बसायच्या. पाय मोकळे ठेवायची सवयच आहे हिला, असं मास्तर समजायचे.

त्या दिवशी औषधं आणायला म्हणून काकू घरातलं एकुलतं एक क्रेडिट कार्ड घेऊन बाहेर पडल्या आणि येताना चालवेना म्हणून एका मोठ्या बुटांच्या दुकानात नुसत्या टेकायला शिरल्या. खरंच, नुसत्या टेकायला. पण तिथली विक्रेती मुलगी खाली गुडघ्यांवर बसली, तिने त्यांच्या अंगठ्यापाशी हलकेच बोट दाबलं आणि विचारलं, "इथे दुखतं ना?" एवढंच. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. काकूंनी राखाडी रंगाचे, कापडी, दिसायला अगदी भोपळ्यासारखे बूट घेतले, घरी येऊन वॉशिंग मशीनच्या मागे दडवले, कार्ड जागच्या जागी ठेवलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कणीक मळायला घेतली.

संध्याकाळी मास्तरांनी मोबाइल सुरू केला. एरवी ते सगळे निरोप जाहिराती समजून पुसून टाकायचे. हा मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि मोठ्याने हसले.

"अगं, ऐक. बँक विचारतेय, तुमच्या कार्डावर बुटांच्या दुकानात खरेदी झाली आहे, ती तुम्हीच केलीत का? बुटांच्या! चोराला सगळं गाव सोडून नेमकं माझंच कार्ड सापडलं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं काकूंना मशीनच्या मागून बूट दिसायला लागले.

"असू दे हो, चुकून आला असेल निरोप," त्या म्हणाल्या.

"असू दे कसं?" मास्तरांना आता स्फुरण चढलं होतं. मुलाने बजावलं होतं, की निरोपातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवायचं नाही, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावरच फोन करायचा. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक आकडा दाबला आणि पलीकडच्या बाईंना सगळी हकिकत मीठमसाला लावून सांगितली.

"कार्ड तुमच्याकडेच आहे का?" बाईंनी विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"हे काय, हातात आहे."

"मग घरातल्या कोणी वापरलं असेल. विचारून पाहता का?"

"घरात मी आणि बायको. बाई, मी बूट बनवतो. माझी बायको दुकानचा बूट घेईल? विचारायचं काय त्यात?"

काकू त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या.

बाईंनी कार्ड बंद केलं. उद्या त्या दुकानाकडे चौकशी जाईल, पैसे कोणी घेतले, कार्ड नीट पाहिलं होतं का, हे तिथल्या विक्रेत्याला विचारलं जाईल, असंही सांगितलं. मास्तर समाधानाने मागच्या खोलीत कामाला बसले. काकूंना मात्र ती गुडघ्यांवर बसलेली पोर दिसत होती. आपलं गुपित राहावं म्हणून तिची नोकरी पणाला लावायची? आणि सांगावं, तर या माणसाला काय वाटेल? लोकांनी हजार वेळा नावं ठेवली असती तरी मास्तरांनी उडवून लावली असती. पण हे घरातून आलेलं ते कसं सोसणार होते?

चहा टाकला, तो उतू गेला. मग काकूंनी मशीनच्या मागे हात घातला, भोपळे बाहेर काढले, पायात घातले आणि सरळ मागच्या खोलीत गेल्या.

"हे बघा तुमचे चोर," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी आधी बूटच पाहिले. हाडाचा कारागीर तो. "तळ नुसता चिकटवलाय. सहा महिन्यांत..." आणि ते थांबले. त्यांची नजर बुटांवरून पावलांवर गेली. "अगं, पुन्हा चाल बरं. दारापर्यंत जा."

काकू दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"तू लंगडत नाहीयेस," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, वय झालं म्हणून लंगडतेस."

काकूंना रडू आलं. मास्तरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, आपण खाली बसले, उजवा बूट काढला आणि पाय मांडीवर घेतला. त्यांच्या हाताचा अंगठा वर आलेल्या हाडावर टेकला तसा काकूंनी श्वास रोखला. मास्तरांनी हात लगेच मागे घेतला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"आणि मला दरवर्षी झकास म्हणालीस?"

"पाठ आहे म्हणायचात ना. चारचौघांत सांगायचात. मला ते फार आवडायचं हो. बूट चावला तरी चालेल, पण ते बोलणं बंद व्हायला नको, असं वाटायचं."

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले, डाव्या हाताने फोन उचलला आणि पुन्हा तोच नंबर लावला. दुसऱ्याच कोणी बाई होत्या.

"मघाची तक्रार मागे घ्यायची आहे. त्या दुकानातल्या मुलीला कोणी काही विचारू नका. बूट आमचेच आहेत."

"ठीक आहे काका. कारण काय लिहू? खरेदी ओळखता आली नाही, असं?"

"नाही बाई, खोटं कशाला लिहायचं?" मास्तर म्हणाले. "लिहा, की नवऱ्याने बायकोला विचारलंच नाही."