विलासराव, गेम अर्धीच राहिली

वाईहून मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी गवारीच्या शेंगा निवडत बसलो होतो. "दाजी, सांगलीचे दाजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच न्हाईत." अशा वेळी डोळ्यांपुढं अंधारी येते, पाय लटपटतात, असं लोक सांगतात. मला काय झालं ते खरं सांगतो... मला राग आला. हातातली मूठभर गवार ताटात आपटून मी मोठ्यांदा म्हणालो, "गेलात ना शेवटी मैदान सोडून!" बायको रडायला लागली होती, तिनं रडता रडता माझ्याकडं असं काही बघितलं की विचारू नका. विलासराव म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. थोरले साडू. आणि हा 'थोरले' शब्दच माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ.

कारण विलासराव वयानं माझ्यापेक्षा लहान होते! चांगले वर्षभरानं लहान. त्यांना थोरली मुलगी दिली आणि मला धाकटी, एवढंच त्यांचं कर्तृत्व. पण सासरी वाईला गेलं की दिवाळीचं तेल आधी त्यांच्या डोक्याला, पोशाख आधी त्यांना, मटणातली नळी न विचारता त्यांच्या ताटात. मी शाळेत गणित शिकवणारा मास्तर, ते सांगलीला वीज खात्यात. गडी दिसायला भारदस्त, मिशा राखलेल्या, आवाज असा की शेजारच्या आळीत ऐकू जावा. आणि वर मला म्हणायचे, "मास्तर, थोरलेपण वयावर नसतं, ते नशिबावर असतं." आता काय बोलायचं अशा माणसाशी?

नव्वदीच्या मधला कुठला तरी धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयांना बोलावून दिव्याचं, अनारशांचं वाण द्यायची रीत. सासऱ्यांचं वाईत भुसार मालाचं दुकान, हात सढळ. त्यांनी दोघांना विचारलं, यंदा काय हवं? मी रीतीप्रमाणं "काही नको मामा" म्हणालो. विलासराव म्हणाले, "मामा, टीव्हीवर लावायचा व्हिडिओ गेम द्या." मला वाटलं चेष्टा करतायत. कसली चेष्टा! मिशीवाला, दोन पोरींचा बाप असलेला माणूस, त्याला व्हिडिओ गेम हवा! सासऱ्यांनी खरोखर पुण्याहून आणला. पांढरा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटीवर हजारो गेम लिहिलेल्या, निघाल्या चार-पाच. त्यातलीच ती टेनिसची.

पण खरा घोळ घातला सासूबाईंनी. मुलींमध्ये डावं-उजवं करायचं नाही हे त्यांचं व्रत. त्यांनी खोकं उघडलं, आत दोन रिमोट बघितले आणि त्यांना वाटलं, व्वा, दुकानदारानं दोन जावयांची सोय बघूनच दिलंय! मग दोन ताम्हनं घेतली. एकात डबा, कॅसेट, एक रिमोट, अनारसे, दिवा. दुसऱ्यात नुसता एक रिमोट, अनारसे, दिवा. रिमोटला हळद-कुंकू लावून माझ्या हातात ठेवला. मी म्हणालो, "मामी, हा एकटा चालत नाही." त्या म्हणाल्या, "वाण घेतल्यावर बोलू नये." आणि वाण घेतलं की दुसऱ्याला द्यायचं नसतं, हेही त्यांनीच सांगितलं. एरवी देवळाची पायरी न चढणारे विलासराव त्या दिवशी अचानक धार्मिक झाले. "आवं, वाण हाय ते! मोडलं तर मामीस्नी काय वाटंल?" असं म्हणून डबा बगलेत मारून सांगलीच्या गाडीत बसले. मी साताऱ्याला आलो, पिशवीत बिनकामाचा रिमोट घेऊन. त्याच्या फटीतलं कुंकू अजून निघालेलं नाही.

मग ठरूनच गेलं. सुट्टी लागली की मी रिमोट घेऊन एसटीनं सांगलीला जायचं आणि हरून यायचं. टेनिसमधली ती माणसं कार्टूनसारखी, भोपळ्याएवढं डोकं, वीतभर पाय. उंच खुर्चीवर टोपीवाला पंच. पहिल्या रिमोटचा खेळाडू पडद्याच्या खालच्या अंगाला, चांगला मोठा दिसणारा. दुसऱ्या रिमोटचा वरच्या अंगाला, बारका. बाजू बदलायची सोयच नव्हती. म्हणजे इथंही मी धाकटाच! शिवाय चेंडू बाहेर गेला की विलासराव पडद्यावरच्या पंचाशी भांडायचे. "ए टोपी, डोळं फुटलं का रं?" पंच बिचारा टीव्हीतला, तो काय बोलणार. हे मात्र पॉइंट आपलाच धरायचे. मी चिडलो की म्हणायचे, "मास्तर, एकदा पुरी मॅच जिंकून दाखवा. त्या दिवशी थोरलेपण तुमचं, मामांच्या देखत सोडतो." बस्स, हे वाक्य मला झोंबलं. मला ते थोरलेपण हवंच होतं, आणि कुणी दान दिलेलं नको होतं, जिंकून हवं होतं.

एकदा ते जवळजवळ मिळालं होतं. दिवाळीला डबा वाईला आणला होता. संध्याकाळी सासरे आरामखुर्चीत, बायका दारात, आणि खेळात मी पुढं. शेवटचा एक पॉइंट बाकी. विलासरावांच्या कपाळावर घाम मी ह्या डोळ्यांनी बघितला. त्यांनी सर्व्हिसचा चेंडू वर उडवला... आणि लाईट गेली. मेणबत्ती लागली तर साहेब मिशीतल्या मिशीत हसतायत. मी म्हणालो, "म्हणा हरलो." ते म्हणाले, "लाईट जाईस्तोवर कोन हरलं व्हतं? अर्धी गेम धरत न्हाईत, मास्तर." वीज त्यांच्याच खात्याची! त्यांनी कुणाला सांगून ठेवलं असणार, हा माझा संशय आजही कायम आहे.

पुढं सासरे गेले, सासूबाई गेल्या. सपाट टीव्ही आले, त्यांना गेमची वायर बसेना. विलासरावांनी जुना डबडा टीव्ही फक्त ह्या गेमसाठी माळ्याखाली ठेवला. वर्षातून एकदा लावायचा, मला हरवायचं, झाकून ठेवायचा. वर्षभर हा गृहस्थ घरी एकटा सराव करतो आणि मला नुसता रिमोट चोळत बसावं लागतं, ह्या विचारानं मी इतकी वर्षं जळत आलो.

दिवसांना सांगलीला गेलो तेव्हा न राहवून मी अक्कांना, म्हणजे विलासरावांच्या बायकोला, हे बोललो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सराव कसला? तुमच्याबिगर एकदाबी लावला न्हाई त्यांनी. म्हनायचे, मास्तर न्हाई तर काय भिताडासंगं खेळू?" ऐका! म्हणजे ते सरावाशिवायच मला हरवत होते! मेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द ऐकावेत तर तेही असे. मी मागच्या अंगणात जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होतो.

तेराव्याला गोडाच्या जेवणाची पंगत बसली. मी सवयीनं दुसऱ्या पानावर टेकलो. मेव्हणा आला, हात जोडून म्हणाला, "दाजी, पहिल्या पानावर सरका. आता आमच्या घरचे थोरले तुमीच." चुकीचं काही बोलला नाही बिचारा. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असा वॉकओव्हर मागितला होता कुणी? एक पॉइंट, फक्त एक पॉइंट बाकी असताना उठून जायचं, आणि वर थोरलेपण माझ्या गळ्यात मारायचं?

"दाजी, सरका की," मेव्हणा पुन्हा म्हणाला.

"अरे, हरवलंय कुठं मी त्यांना अजून!" मी ओरडलो. वाढणारे थांबले, सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मी जागचा हललो नाही.