रेशनकार्डावरची शोभा

९ डिसेंबर. त्या दिवशी माझ्याकडे एकच काम होतं – एका बाईच्या मृत्यूची नोंद करायच्या मागे लागणं. बाई जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. नोंद कुणी केलीच नव्हती.

आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला अंगारे-धुपारे सुचवायला नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या अहमदपूर-उदगीर भागात भानामतीच्या कथा पोत्यानं मिळतात. कुणाच्या अंगणात दगड पडतात, कुणाच्या साडीवर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. अशी दोन घरं मी स्वतः जाऊन पाहिली आहेत. एका घरी दगड टाकणारी सून निघाली, दुसऱ्या घरी दीर. तेव्हा पुढचं जे आहे ते मी माझ्या परीनं तपासून लिहिते आहे.

वय अठ्ठेचाळीस. नवऱ्याचं अहमदपूरला भांड्यांचं दुकान आहे. मी त्याची दुसरी. पहिलीचं नाव शोभा. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली – बिलोलीच्या पुढं तिचं गाव – आणि तिथंच बाळासकट गेली. वर्षाच्या आत माझं लग्न लागलं.

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या मैत्रिणी दोन दिवस पैजा लावत होत्या, हे ठेवतील का ते ठेवतील म्हणून. मी ताटात वाकून पाहिलं. 'शोभा'.

माहेरची मी सुनंदा. दहावीच्या सनदेवर अजूनही सुनंदाच आहे.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगितलं. रागानं नाही, हिशेबी बाई जशी सांगते तसं. "रेशनकार्डावर शोभा हाय, मतदार यादीत शोभा हाय. एक नाव कमी करा, एक वाढवा, तहसीलला खेपा मारा... कशाला? बाई बदलली म्हणून कागद कशाला बदलायचा?" माझ्या वडिलांनाही ते पटलं. दुसरेपणाच्या बायका मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालतात. सासूबाईंनी तो टाकही केला नाही. म्हणाल्या, "नावच घातलंय की."

झालं. त्या दिवसापासून मी शोभा. दुकानाच्या पाटीवरही शोभा – तिच्या वेळची पाटी. नवीन बायका दुकानात आल्या की मला म्हणतात, "काय नशीब बाई तुमचं, मालकानं दुकानाला बायकोचं नाव दिलंय!" मी डबे दाखवते. तिच्या जन्मसालानं मी कागदावर सहा वर्षांनी मोठी. अंगणवाडीची जागा निघाली होती तेव्हा सनद एकीची आणि रहिवासी दाखला दुसरीचा म्हणून अर्ज परत आला. माझ्याहून कमी शिकलेली बाई लागली. आणि माहेरच्या कार्डावरून तर माझं नाव लग्नानंतर लगेच कमी केलेलं. म्हणजे सरकारी हिशेबानं मेलेली शोभा जिवंत होती आणि जिवंत सुनंदा कुठंच नव्हती.

हे सगळं मी सत्तावीस वर्षं चालवलं. मग एक दिवस लेकीचा पुण्याहून फोन आला, पासपोर्टचा फॉर्म भरत होती. "आई, तू चौपन्न वर्षांची आहेस? तुझ्या कागदांवर दुसरीच बाई आहे गं!" ती हसत होती. मी फोन ठेवला आणि उठले.

सेतू केंद्रातल्या माणसानं कागद चाळले आणि म्हणाला, "मावशी, आधी ती शोभा मेली पाहिजे. मग तुमचं बघू." जिथं मृत्यू झाला तिथं उशिरा नोंद करायची. समक्ष पाहिलेल्या माणसाचं शपथपत्र लागेल. समक्ष पाहिलेलं माणूस एकच उरलेलं – शोभाची आई.

नवरा म्हणाला, "आता काय अडलंय? आयुष्य गेलं की ह्या नावात."

"कुणाचं?" मी विचारलं. तो दुकानात गेला.

शोभाच्या भावाचा, बसवराजचा, नंबर मिळवून फोन लावला. सवयीनं तोंडातून निघालं, "मी शोभा बोलते, अहमदपूरहून." तो पलीकडं खाकरला आणि म्हणाला, "हां... बोला अक्का." मी फक्त एवढंच म्हणाले की एका कागदासाठी यायचंय.

तर ९ तारखेला पहाटेच्या गाडीनं निघाले. नांदेडला गाडी बदलली, नायगाव, नर्सी, बिलोली, तिथून जीप. दुपारी एकला त्यांच्या दारात. लख्ख ऊन होतं, समोरच्या घरात टीव्ही चालू होता. रात्र नाही, अमावस्या नाही, काही नाही.

शोभाची आई – अव्वा – ओसरीवर बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बसवराजनं मला बाहेरच सांगितलं, "डोळे समदे गेले, अक्का. उजेड-अंधार बी कळत न्हाई. डोकं मात्र शाबूत हाय, माझ्याहून चांगलं." मग आत वळून ओरडला, "अव्वा, अहमदपूरच्या पाहुण्या आल्या!"

म्हातारीचे हात थांबले.

"सुनंदा आली का?" ती म्हणाली. "ये माय. बस."

बसवराज माझ्याकडं बघायला लागला. "सुनंदा कोण?"

माझे आई-वडील गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. अर्ज पिशवीत होता, पिशवीची चेनसुद्धा उघडली नव्हती. आणि उघडली असती तरी काय – म्हातारी आंधळी, आणि अक्षरओळख कधीच नव्हती.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे नाव?" मी विचारलं.

"शोभीनं." जणू शेजारणीनं सांगितलं, अशा आवाजात. "येती की दरसाली नागपंचमीला. समद्यांच्या लेकी येतात, माझी कामून यायची न्हाई? बसती इथं, तुझ्या जागी. घरचं समदं सांगती."

बसवराज हळूच म्हणाला, "पंचमीला बडबडती ती अशीच. आम्ही मनावर घेत न्हाई."

"तू गप ऱ्हा. तुला काय, जेवलं की झोपलं." शेंगा पुन्हा सोलायला लागली. "शोभी मला म्हणून राहिली व्हती, अव्वा, ती बाई पिठात बोटानं सुनंदा लिहिती अन् वरून पानी वतती. असं कामून करती गं? मी म्हटलं, मला काय ठावं, तिलाच इचार. तर म्हणली, मी इचारलं तर भिईल ती."

इथं थांबून सांगते. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी हे करत होते. पीठ चाळलं की परातीत बोटानं माझं नाव लिहायचं आणि त्यावर पाणी ओतून कणीक मळायची. स्वयंपाकघरात एकटी असतानाच. एका वर्षानं सोडून दिलं, कारण पुढं लेक झाली आणि असल्या गोष्टींना वेळ उरला नाही. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, धाकट्या बहिणीलाही नाही. आज इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

मी पाणी मागितलं. प्यायले. मग ज्या कामाला आले होते ते काढलं. काम सोडून द्यायचा माझा स्वभाव नाही.

कागद बसवराजला वाचायला दिला. त्यानं मोठ्यानं वाचला – माझी मुलगी शोभा ही राहत्या घरी माझ्यासमक्ष मयत झाली, वगैरे. शाईचा पॅड उघडला आणि आईचा हात धरला. अव्वानं मूठ आवळली.

"काय हाय ते?"

"काही न्हाई अव्वा, शोभा वारली म्हणून लिहून द्यायचंय."

"मी न्हाई देणार."

"अव्वा, तिला जाऊन अठ्ठावीस वर्सं झाली..."

"मला ठावं हाय! मी धुतलं तिला. तू व्हतास का?" मग माझ्या दिशेनं वळली. "तुमच्या घरच्या कागदावर नाव हाय म्हणून तर तिला ठिकाणा हाय. ते खोडल्यावर ती कुठून यायची गं?"

मला राग आला. खरंच आला. मी म्हणाले, "अव्वा, तिच्या नावानं मी सत्तावीस वर्षं राबले. तिच्या सासूचं गू-मूत काढलं. अंगणवाडीची जागा गेली. माझ्या लेकीच्या फॉर्मवर आई म्हणून तुमची लेक आहे. आणि तुम्ही मला विचारता ती कुठून यायची?"

"हाव," म्हातारी म्हणाली. "लई केलं तू. ती बी म्हणती. पन माय... तिनं तुला काही केलं का?"

"नाही."

"तुझं नाव तिनं घेतलं का?"

"नाही."

"मंग ज्यांनी घेतलं त्यांच्यापशी माग की."

बसवराज मला जिन्याखाली घेऊन गेला. भला माणूस, मदतच करत होता. "अक्का, कागद ठिवून जा. जेवल्यावर झोपती ती. मी अंगठा लावून घेतो, तिला कळनार बी न्हाई. उद्या आणून देतो."

पाच मिनिटांचं काम होतं. नव्वद टक्के कागद असेच होतात, मला माहीत आहे. पण झोपेत बाईच्या हाताला शाई लावायची म्हणजे... माझ्या नावाचंही असंच झालं होतं. मी तर जागी होते, तरी कुणी विचारलं नव्हतं. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि जीप पकडली. निघताना म्हातारीनं विचारलं, "जेवली का?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, "तुम्ही शोभाच्या माहेरी कधी माझं माहेरचं नाव सांगितलं होतं का? आपली पत्रिका पाठवली होती का?"

"कोणतं नाव?" तो म्हणाला. थट्टा करत नव्हता. चमचा हातात धरून खरोखर आठवत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "सुलोचना का?"

मी जेवण वाढलं.

तेव्हापासून मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. नावाचं एक वेळ समजू शकते. कुणीतरी कधीतरी बोललं असेल, म्हातारीच्या कानावर राहिलं असेल. सासूबाईंचं त्या घरी सुरुवातीला जाणं-येणं होतं. पण पिठाचं? सासूबाईंनी लपून पाहिलं असतं तर त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या, त्याच दिवशी गल्लीभर केलं असतं. ज्यांना काही सुचत असेल त्यांनी सांगावं, मात्र "तिचा आत्मा अतृप्त आहे" वगैरे लिहू नये. मला तिची भीती वाटलेली नाही. अख्ख्या घरात माझं नाव काय आहे हे एवढ्या वर्षांत एकीनंच पाहिलं होतं, आणि तिनंही ते मला न सांगता आईला सांगितलं... याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बिलोलीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी तहसीलमध्ये पुरवठा विभागाच्या खिडकीशी होते.

"नाव वाढवायचंय कार्डात," मी म्हणाले. "कुटुंबप्रमुखाची पत्नी."

क्लार्कनं कार्ड पाहिलं. "पत्नी हाय की ह्याच्यात. शोभा. हे नाव कमी करायचं का?"

"नाही. ते राहू द्या."

तो हसला, शेजारच्यालाही ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, एका माणसाला दोन बायका दाखवायच्या का सरकारला?"

"पहिल्यापासून दोनच आहेत."

त्याचं हसू गेलं. त्यानं सनद उलटीसुलटी पाहिली, सत्तावीस वर्षांत हिचा एकही कागद कसा नाही म्हणाला, आणि अर्ज माझ्याकडं सरकवला. "असं होत नसतं. ही बाई हयात असल्याचा पुरावा आणा."

मी त्याच्यासमोर उभी होते. अर्ज परत त्याच्याकडं सरकवला, म्हणाले, "होत नसेल तर तसं लिहून द्या," आणि बाकावर बसले. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद झाली, उघडली. मी उठले नाही. साडेतीनला कंटाळून त्यानं अर्ज ठेवून घेतला, पोचपावतीचं पुस्तक ओढलं आणि मान वर न करता विचारलं, "पोच कुणाच्या नावानं?"

मी सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी खिडकीच्या गजाला तोंड लावून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा सांगितलं.