त्याचं होत नाही

माझ्या नवऱ्याला ते होत नाही. शरीरसंबंधाच्या शेवटी पुरुषाला जे व्हायला हवं, ते. अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला त्याचा इंग्रजी शब्द माहीत आहे, पण तो वाचलेला, घरात तोंडातून कधी काढलेला नाही. मराठीतला शब्द शोधला तेव्हा तो एका चूर्णाच्या जाहिरातीत सापडला. त्यामुळे आमच्या खोलीत 'होणं' एवढंच क्रियापद चालतं.

लग्नानंतर काही महिने तो झाल्यासारखं करायचा. मोठा श्वास सोडायचा आणि लगेच बाथरूममध्ये जायचा. मला अनुभव नव्हता, मी ते खरं मानलं. बायका असं नाटक करतात हे मी वाचलं होतं. पुरुषही करतात हे कुठे वाचलं नव्हतं. मग एका रविवारी, सासूबाई भाजी आणायला गेलेल्या असताना, तो मध्येच थांबला. घामाने भिजला होता. भिंतीकडे पाहत म्हणाला, "मले होतच नाही. तुझ्यामुळं नाही. पहिल्यापासूनच. एकट्यालेही नाही. झोपेत कधीमधी, तेवढंच."

दिवस राहत नव्हते, म्हणून माझ्यातच काही कमी आहे असं मी धरून चालले होते. ते ओझं उतरलं, म्हणून त्या दिवशी मला जवळजवळ आनंद झाला.

पण अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या घरात सासूबाईही तेच क्रियापद वापरतात. "काहून वं पोरी, काहीच होऊन नाही राह्यलं का?" पोळ्या लाटता लाटता त्या विचारायच्या. मी तव्याकडे पाहून म्हणायचे, "पाहू, आई."

त्या मला तपासायला नेणार असं ठरल्यावर नवरा म्हणाला, "आपण दोघंच जाऊ. अमरावतीले." अकोल्यात त्याचं खत-बियाण्यांचं कृषी केंद्र आहे, अर्धं गाव त्याला ओळखतं. अमरावतीत मला कितीजण ओळखतात, हे मी बोलले नाही. दवाखान्यात तोंडाला स्कार्फ बांधून बसले.

"काय त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"होत नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली आणि ताठरतेच्या गोळ्या लिहून दिल्या. तो त्रास त्याला कधीच नव्हता. आता गोळी घेतली की आमची दुपार संपायचीच नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर डोस वाढवायला लागले. नवरा टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होता. मी स्कार्फ खाली केला आणि सगळं इंग्रजीत सांगितलं, एका दमात, वर्गात उभं राहून पाठ म्हणावं तसं. मराठीत मला जमलं नसतं. डॉक्टर माझ्याकडे वळले, आणि आम्ही दोघंच बोलत राहिलो. उपाय आहे, वेळ लागेल, सध्या प्रयत्नच करू नका, दोघांनी समुपदेशनाला या. मूल हवं असेल तर त्यालाही मार्ग आहेत. नवरा आमच्या मध्ये बसून होता. जणू त्याच्या बंद पडलेल्या मोटरपंपाबद्दल बोलणं चाललं होतं.

परतीच्या एसटीने बडनेरा सोडलं. मग तो म्हणाला, "माहं तू सांगतलं. तेही इंग्रजीत. मले समजत नाही असं वाटते का तुले?"

"तू सांगत नव्हतास."

"सांगूनच तं राहिलो होतो."

मूर्तिजापूरच्या स्टँडवर सासूबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काय म्हणे डॉक्टर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल.

"हिची ट्रीटमेंट चालू करा म्हणे," तो म्हणाला. "वेळ लागन." आणि फोन माझ्या हातात दिला.

"घाबरू नको पोरी," सासूबाई म्हणाल्या. "मी आहो ना."

मी "हो, आई" म्हणाले. खरं काय ते मी कोणत्या शब्दांत सांगणार होते? आणि सांगितलं असतं, तर तो त्या घरात मान वर करून कसा जेवला असता?

आता त्या मला पाण्याची बादली उचलू देत नाहीत. रोज सकाळी डिंकाचा लाडू देतात आणि तो संपेपर्यंत समोर बसतात.

काल जेवताना मी त्याला हळूच विचारलं, "अमरावतीला कधी जायचं?"

"दुकानाचा सीझन आहे. आता नाही जमत."

सासूबाईंनी ऐकलं. माझ्या ताटात भाजी वाढत म्हणाल्या, "तुले कायले यायले लागते रे? तिचंच तं दुखणं. मी जाईन तिच्यासंगं, डॉक्टरले नीट इचारून येईन. सोमवारीच जाऊ."

नवरा जेवत राहिला.