पुलीवरचा पंजा

भुरीबाई आडे यांच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. उरलेली दोन मळणीच्या थ्रेशरच्या पट्ट्यात गेली. बोरी अरबजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यात आता यावर कोणी हळहळत नाही. भुरीबाईंना बोटांपेक्षा जास्त लागलं होतं ते लखीरामचं, म्हणजे नवऱ्याचं बोलणं. "हात सांभाळता नाही आला तुले," हे तो अपघातापासून सांगत आला. थ्रेशरमध्ये सोयाबीन टाकायचं काम वर्षानुवर्षं भुरीबाईंचं. तेही त्यानं स्वतःकडे घेतलं. शेजारणी म्हणत, बांगड्यांनी घात केला.

थ्रेशर नवंकोरं होतं. मुलगा राजकुमारनं घेतलेलं. पट्टा ज्या चाकावर फिरतो त्या पुलीवर झाकण नव्हतं. पट्ट्यानं आधी बांगड्या पकडल्या, मग हात. त्यानंतर राजकुमारनं जे केलं ते इथं कोणीही केलं असतं. सोयाबीनची गंजी शेतात उभी होती, म्हणून त्यानं वेल्डर बोलावून पुलीवर लोखंडी जाळी बसवली आणि मळणी उरकली.

दारव्ह्याच्या वकील अर्पिता राऊत यांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. पूर्वी अशा इजेची भरपाई मागताना कंपनीचा निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागे. २०१९च्या ग्राहक कायद्यानं उत्पादकाची जबाबदारी वाढवली. यंत्राची रचनाच धोक्याची असेल, किंवा धोक्याची नीट सूचना दिली नसेल, तरी उत्पादकाला जाब द्यावा लागतो. पण घेणाऱ्यानं यंत्रात फेरफार केला असेल, तर बचावाला जागा मिळते. कंपनीनं ती जागा बरोबर धरली. झाकण आम्ही दिलं होतं, तुम्ही काढलंत, बोटं गेल्यावर ही जाळी ठोकलीत, असं तक्रारीला तिचं उत्तर आलं.

जिल्हा ग्राहक आयोगानं नेमलेले अभियंते पाहणीला तांड्यात आले. सोबत कंपनीचा माणूस होता. त्यानं भुरीबाईंच्या कोपरापर्यंतच्या बांगड्यांकडे बोट दाखवलं.

"बाई, एवढं सगळं घालून मशीनजवळ जायचं असतं का?"

"मंग काय करू सायेब? मळणीसाठी रांडकी होऊ? माहा नवरा जित्ता हाय. थो पाहा, तमाखू चोळून राह्यला."

लखीरामसकट सगळे हसले. अभियंत्यांनी मात्र वहीतून मान वर काढून कंपनीच्या माणसाला विचारलं, "या भागात मशीन विकता, तर जवळ कोण उभं राहणार ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

तो म्हणाला, "झाकण होतं ना, सर."

"झाकन असतं त मी पंजा कुठी लावला असता?" भुरीबाई म्हणाल्या.

पाहुण्यांना काही कळेना. मग सून बबिता मोबाइल घेऊन आली. घरात नवं यंत्र आलं की घरची मोठी बाई त्याच्या चाकावर हळदीचा पंजा उमटवते. फोटोत थ्रेशर अजून गाडीवरच होतं, बाजूला दुकानदाराचा माणूस पेढा खात होता आणि उघड्या काळ्या पुलीवर पाच बोटांचा पिवळा पंजा होता. अभियंत्यांनी जाळी काढायला लावली. खाली वेल्डिंगचे डाग होते. झाकण बसवायला लागणारं बोल्टाचं एकही छिद्र नव्हतं.

निकाल अर्पिताताईंनी फोनवर सांगितला. भरपाई मंजूर झाली होती.

"माही गलती लिवली काय त्याच्यात?" भुरीबाईंनी विचारलं.

"नाही. ऐका. 'तक्रारदाराचा कोणताही निष्काळजीपणा दिसून येत नाही.'"

भुरीबाईंनी बबिताकडून फोनचा आवाज मोठा करून घेतला. "पुन्हा वाचा मॅडम. माह्या मानसानं आयकलं नाही."

अर्पिताताईंनी पुन्हा वाचलं. लखीराम म्हणाला, "आयकलं, आयकलं. सारा तांडा आयकून राह्यला."

यंदाच्या मळणीत तो सवयीनं थ्रेशरच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. भुरीबाई आल्या. बांगड्या तेवढ्याच होत्या, पुलीवर जाळी परत बसवलेली होती.

"सरक."

लखीराम सरकला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला निकाल आठवला असावा.

"थोडं थोडं टाकजो," तो म्हणाला.

"मले शिकवतं काय?" म्हणत भुरीबाईंनी सोयाबीनची पहिली कवळ उचलली.